ओट्याला लागलेलं ऊन

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर ग्रोवेर आर्तेआगा सांताक्रूझहून बहिणीच्या नातवाचं बारसं आटोपून ला पाझला परतले. बॅग दारातच टाकून ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याकडे बघत उभे राहिले. त्या ओट्याने त्यांची खोटी सही मारली असावी, अशी ती नजर होती.

"हे आपलं स्वयंपाकघर?"

"नाही, मंत्र्याचं आहे. आपण चुकून शिरलोय," त्यांची बायको मिरियम पीठ मळता मळता म्हणाली.

डॉक्टरांनी आयुष्यात कुणाची नाडी बघितलेली नव्हती. ते नोटरी होते. ला पाझमध्ये वकिलाला, नोटरीला आणि कोट घालून रागावता येणाऱ्या बहुतेकांना डॉक्टर म्हणतात. आर्तेआगांना रागावता फार सुरेख येत असे, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरकीबद्दल कुणाला शंका नव्हती. पण सांताक्रूझला त्यांची थोरली बहीण योलांडा हिने आपल्या नव्या, दुधासारख्या पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर हात फिरवत विचारलं होतं, "ग्रोवेर, तुमच्याकडे अजून त्या फुलाफुलांच्या टाइल्सच आहेत का रे? नाही नाही, छान असतात त्या. आपल्या आजीकडे होत्या." बारशाचं जेवण डॉक्टरांना गेलं नाही. तीन वेळा वाढून घेतलं, तरी गेलं नाही.

"क्वार्ट्झ बसवायचा," ते म्हणाले. "पांढरा. आणि ही खिडकी दुप्पट करायची. योलांडाच्या ओट्यावर ट्यूबलाइट आहे, आपल्या ओट्यावर सूर्य पाहिजे."

"सूर्य काय कमी आहे का इथे? माझा पडदा एका हंगामात विरतो."

"पडदा कापडाचा असतो, मिरियम."

मिरियमने पिठाचा गोळा उलटला. दर शनिवारी सकाळी ती सव्वाशे सालतेन्या करत असे. भट्टीत भाजलेल्या करंज्याच त्या, पण आत गरम रस्सा, आणि पहिल्याच घासाला तो शर्टावर सांडला तर खाणाऱ्याची इज्जत जाते. गल्लीतली निम्मी माणसं शनिवारचा नाश्ता तिच्या दारातून घेऊन जात. डॉक्टर याला "मिरियमचा छंद" म्हणत आणि त्या छंदातल्या चार स्वतः खात.

शोरूममध्ये एडसन नावाचा सेल्समन होता. त्याचे केस ओट्यापेक्षा जास्त चकाकत होते. त्याने एका तुकड्यावर किल्ली घासून दाखवली, लिंबू पिळून दाखवलं, आणि म्हणाला, "हिऱ्याच्या खालोखाल कठीण, डॉक्टर. तुमच्या नातवंडांच्या नातवंडांना जाईल."

"आमच्याकडे ऊन फार येतं," मिरियम म्हणाली.

"मग तर बाई, नुसता झगमगाट!"

एडसनने बारा पानांची हमी पुढे केली. डॉक्टरांनी तिच्यावर अशी काही वळणदार सही ठोकली, की त्याने ती दोन क्षण नुसती बघितली. तीस वर्षं डॉक्टर लोकांना टेबलापलीकडून बजावत आले होते, की बाबांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. त्यांच्या मते हा सल्ला टेबलाच्या पलीकडच्या बाजूसाठी होता.

जुन्या टाइल्स फोडायला मिरियमने कासियानो मिस्त्रीला बोलावलं. डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तोहून तो पायी उतरून आला, नमुन्याचा तुकडा हातात घेतला, नखाने टिचकी मारली आणि उन्हात धरला.

"डॉक्टर, हा दगड नाही. दगडाचा चुरा राळेत कालवून थापलेली वडी आहे. या उंचीवरच्या उन्हात राळ पिवळी पडणार. करड्या ग्रॅनाइटची लादी घ्या, मी आणून देतो. तिला हजार वर्षं ऊन लागलंय, आता आणखी काय लागणार?"

"मिस्त्री, शिक्षण किती झालंय तुमचं?"

"सहावी. पण चाळीस वर्षं उन्हात काढलीत."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर इलिमानी पर्वत पांढराशुभ्र उभा होता. "तो बघा. जन्मापासून उन्हात आहे. पडला पिवळा?"

"त्याला कुणी राळ लावून चिकटवला नाहीये ना, डॉक्टर."

मिरियम हसली. ती हसली नसती तर कदाचित डॉक्टरांनी आणखी एकदा विचार केला असता. पण बायकोसमोर सहावी पास माणसाकडून हरणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. त्यांनी कासियानोला टाइल्स फोडू दिल्या, खिडकी दुप्पट करू दिली, छतालाही एक काच बसवून घेतली आणि दगडाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही अशी अट घातली.

पांढरा ओटा एप्रिलअखेर बसला. तो सुंदर दिसत होता यात वाद नाही. डॉक्टर आठवडाभर पाहुण्यांना आधी स्वयंपाकघरात नेत आणि मग बैठकीत. मग त्यांनी ऑफिसच्या कागदावर एक पत्रक टाइप केलं, त्यावर शिक्का मारला आणि फ्रिजवर चिकटवलं. गरम ट्रे ओट्यावर ठेवू नये. तिखटाचा रस्सा ओट्यापासून दोन हातांच्या आत आणू नये. पीठ ओट्यावर मळू नये. पाट्यावर वाटण करायचं असल्यास पाटा अंगणात न्यावा.

मिरियमने चारही कलमं शांतपणे वाचली. "मग ओट्यावर करायचं काय?"

"ठेवायच्या वस्तू ठेवायच्या. किटली, रेडिओ, पावाचा डबा."

"आणि सालतेन्या?"

"छंद कुठेही करता येतो."

त्या शनिवारी मिरियमने पिठाचं पातेलं उचललं आणि ती उतारावरच्या खालच्या घरात गेली. तिथे प्रिमितिवाबाई राहत असे. डोक्यावर टोपी, अंगावर घेरदार परकर, अंगणात मातीची मोठी भट्टी, आणि विधवापणाची नऊ वर्षं. डॉक्टरांनी बावीस वर्षांत या बाईला नमस्कार केला नव्हता, कारण त्यांच्या मते उतारावर वरच्या माणसाने खाली बघितलं की चक्कर येते. मिरियम दुपारी परतली तेव्हा तिच्या कपड्यांना भट्टीचा वास होता आणि ती काहीतरी गुणगुणत होती. पुढच्या आठवड्यात ती बुधवारीही गेली. जूनपासून ती रोज जाऊ लागली. दोघी मिळून तीनशे करतात, असं डॉक्टरांच्या कानावर आलं. घरात डॉक्टर विजेच्या किटलीतला चहा घेत आणि डब्यातला पाव खात. ओटा मात्र निष्कलंक होता.

मे ते ऑक्टोबर ला पाझच्या आभाळात ढग शोधावा लागतो. हवा इतकी कोरडी, की ओट्याखालच्या नव्या कपाटांची दारं वाकून अर्धवट उघडी राहू लागली. ऊन पूर्वेच्या खिडकीतून सकाळी आत येई आणि छताच्या काचेतून दुपारी, आणि ओट्यावर पथारी पसरून बसे. सहा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, डॉक्टरांनी प्रथमच पावाचा डबा उचलला. खाली पांढरा चौकोन होता.

"डब्यातून काहीतरी गळलंय," ते ओरडले. "पांढरा डाग पडलाय!"

तासभर त्यांनी तो डाग घासला. आधी साबण लावला, मग सोडा, मग मिरियमचा नखं पुसायचा स्पिरिट. डाग हटेना. घाम पुसायला ते मागे सरकले, त्यांनी पूर्ण ओटा एका नजरेत बघितला आणि ते जागच्या जागी बसले. डाग पांढरा नव्हता. ओटा पिवळा होता. इतक्या हळूहळू, इतक्या सभ्यपणे तो पिवळा पडला होता, की रोज बघणाऱ्याला पत्ता लागला नव्हता. रंग म्हणाल तर जुन्या दातांचा.

त्यांनी किटली तळासकट उचलली. पांढरा गोल. रेडिओ उचलला. पांढरा आयत, आणि त्याच्यामागे आणखी एक लहान गोल.

"हा कशाचा?" दारात उभ्या असलेल्या मिरियमने विचारलं.

डॉक्टरांनी सिंगानी दारूची बाटली कोटात लपवायचा प्रयत्न केला, पण कोट अंगात नव्हता. "औषध आहे."

"घरात डॉक्टर असल्याचा हाच फायदा," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

एडसनने फोन चौथ्या दिवशी उचलला. "ओटा घरातच आहे ना, डॉक्टर?"

"घरातच आहे!"

"आणि ऊन?"

"तेही घरातच येतं!"

"तिथेच घोटाळा झाला. ऊन बाहेर असायला हवं. पान नऊ, तळाची ओळ. थेट सूर्यप्रकाशाला हमी नाही."

डॉक्टरांनी पान नऊ काढलं. ओळ होती. मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत होती, पण होती. आपल्या झोकदार सहीकडे बघताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की सही जरा जास्तच वळणदार आहे.

मग त्यांनी जे करायला नको असं ठरवलं होतं तेच केलं. कासियानोला निरोप पाठवला. तो आला, वाकला, आणि एकाही पांढऱ्या डागाकडे न बघता त्यांच्या कडांवरून बोट फिरवू लागला.

"घासून निघेल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. आतपर्यंत गेलंय." त्याने बोट पुसलं. "एक विचारू? बाई कुठे असतात हल्ली?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तसं काही नाही. पण कडा बघा, सुरीने कापल्यासारख्या आहेत. चालत्या घरात किटली रोज बोटभर सरकते, डबा कधी इकडे कधी तिकडे, मग कडा पुसट होतात. इथे चार महिने एकही वस्तू हललेली नाही." त्याने टोपी काढून हातात घेतली, जशी माणसं मयताच्या घरी काढतात. "या ओट्यावर कुणी स्वयंपाकच केलेला नाही, डॉक्टर."

डॉक्टरांना कासियानोची सहावी आठवली, पण बोलावंसं वाटलं नाही. त्या क्षणी माणूस सुधारू शकला असता. दुर्दैवाने त्याच क्षणी फोन वाजला. योलांडा होती. तिकडच्या सर्वपित्रीला, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या मृतात्म्यांच्या सणाला, आईबापांच्या कबरीवर फुलं वाहायला ती येणार होती, आणि उतरणार होती त्यांच्याकडेच. "आणि तुझा तो ओटा बघायचाय मला! म्हणालास ना माझ्यापेक्षा सरस आहे म्हणून?"

"आहेच," डॉक्टर म्हणाले. फोन ठेवून ते कासियानोकडे वळले. "पांढरा करता येणार नाही?"

"नाही."

"मग उरलेला पिवळा करता येईल?"

कासियानोने टोपी डोक्यावर घातली. "ऊन करेल," एवढंच म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून घराच्या पुढच्या खोलीतलं नोटरीचं ऑफिस सकाळी बंद राहू लागलं. ओटा रिकामा केला गेला. खिडकीसमोरचा भाग आपोआप शेकत होता, पण भिंतीकडच्या कोपऱ्यात ऊन पोचत नव्हतं. डॉक्टरांनी कपाटाचा उभा आरसा स्वयंपाकघरात ओढून आणला, मग दाढीचा, मग ऑफिसातला सोनेरी चौकटीचा. दर पाव तासाला ते आरसे सरकवत आणि कवडसा कोपऱ्यात पाडत. बाहेर विक्रीखत घेऊन आलेली माणसं पायरीवर बसून राहत. आत डॉक्टर काळा चष्मा लावून स्टुलावर बसलेले असत आणि हात वर करून आरशाला सांगत, "थोडा डावीकडे! बस! आता हलू नकोस!"

त्यांच्या घरावरून रोपवे जात असे. पाळण्यांत बसलेली माणसं एरवी खालच्या गच्च्यांवरचे वाळत घातलेले कपडे बघत. आता त्यांच्या डोळ्यांत ऊन घुसू लागलं. आठवड्याभरात एक जाकीटवाला सुरक्षारक्षक दारात आला.

"साहेब, तुमच्या घरातून वर कुणीतरी झोत मारतंय. लोक म्हणतात, इशारे चाललेत."

"कसले इशारे! मी ओटा वाळवतोय."

रक्षकाने आत डोकावून तीन आरसे, एक रिकामा ओटा आणि काळ्या चष्म्यातला नोटरी बघितला. तोही वरच्या गावातला होता, वाळवण त्याला ठाऊक होतं. "बटाटे वाळवतात तसा?"

"तसाच."

"मग उलटत जा मधून मधून," तो कळवळून म्हणाला आणि आरसे जरा खाली झुकवायला सांगून गेला. त्यानंतर पाळण्यातले लोक डॉक्टरांना हात करू लागले. एका शाळेची सहल तर ओरडत गेली. प्रिमितिवाच्या दारातल्या गिऱ्हाइकांनी मिरियमला विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर बरे आहेत ना?" ती म्हणाली, "त्यांना ऊन लागलंय." आणि ट्रे आत सरकवला.

ऑक्टोबरच्या शेवटी ओटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा पिवळा झाला. योलांडा आली. विमानातून उतरल्यापासून तिचं डोकं उंचीने ठणकत होतं. कोकाच्या पानांचा चहा हातात घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली आणि थबकली. ती ओट्याजवळ गेली, वाकली, तळहात फिरवला. पांढऱ्या भिंती, समोर बर्फाचा डोंगर, आणि मध्ये तो मधासारखा दिसणारा लांबलचक ओटा.

"ग्रोवेर," ती हळूच म्हणाली, "हा रंग कुठला?"

"शॅम्पेन," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलायचं म्हणून त्यांनी जे पुढे सांगितलं ते तर खरंच होतं. "सहा महिने उन्हात मुरवावा लागतो."

"माझा मेला दवाखान्यासारखा दिसतो. माणूस भाजी चिरतोय की अपेंडिक्स काढतोय कळत नाही." तिने तिथूनच शोरूमला फोन लावला. एडसनने शपथेवर सांगितलं, की असा रंग कॅटलॉगमध्ये नाही, कधी नव्हता.

डॉक्टर आर्तेआगांच्या आयुष्यातली ती सर्वांत गोड तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला योलांडा म्हणाली, "मग मला हाच दे."

"हाच म्हणजे?"

"हाच. काढून. तुला काय, तू दुसरा मुरवशील. आईचा पियानो मी तुला दिला, एक शब्द बोलले का?"

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार, आणि कारण एकच होतं. ते सांगितलं असतं तर सांताक्रूझमध्ये ते पुढची वीस वर्षं प्रत्येक बारशाला सांगितलं गेलं असतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. वरून एक पाळणा जात होता आणि आतली माणसं हात करत होती.

"घेऊन जा," ते म्हणाले.

तीन दिवसांत ओटा लाकडी खोक्यात बसून ट्रकमधून सांताक्रूझला रवाना झाला. मागे उरली वाकड्या दारांची उघडी कपाटं. शनिवारी सकाळी किटली कुठे ठेवावी हे न सुचल्यामुळे डॉक्टर ती हातात घेऊनच बराच वेळ उभे होते. मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली, कोट घातला आणि ते उतारावरून खाली गेले.

प्रिमितिवाच्या अंगणात रांग लागली होती. डॉक्टर तिच्या बाजूने सरळ आत शिरले. आत करड्या दगडाचा लांब, ओबडधोबड ओटा होता, त्यावर पीठ, तिखट, गरम ट्रे, सगळं एकदम. प्रिमितिवा भट्टीत वाकली होती. मिरियम कोपरापर्यंत पिठात होती.

"मिरियम, ओटा गेला."

"बघितला. सगळ्या गल्लीने बघितला."

"आता तू म्हणशील तोच दगड बसवू. तू म्हणशील तिथे. ते पत्रक मी काढून टाकलंय." त्यांनी कोटाचं बटण लावलं. "घरी चल."

मिरियमने हात पुसले. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि डॉक्टरांना तेच जास्त टोचलं. "रात्रीची येतेच की घरी. पण काम इथेच राहील. आम्ही भागीदारीचा कागद केलाय."

"कागद?" डॉक्टर एकदम ताठ झाले. निदान एक विषय तरी त्यांच्या अखत्यारीतला निघाला होता. "मग मला आधी सांगायचंस! आण इकडे, मी रीतसर नोंदवून देतो."

"बायकोचा कागद नवऱ्याला नोंदवता येत नाही, ग्रोवेर. तुम्हा नोटरींचाच कायदा."

"मग कुणी नोंदवला?"

"उर्किसूंनी. गुरुवारी."

उर्किसू हा चौकापलीकडचा नोटरी. त्याचं नाव घरात उच्चारायची पद्धत नव्हती. डॉक्टरांनी दगडावर हात टेकला. दगड गरम होता, पण त्याला काही होत नव्हतं.

"त्यांनी फी घेतली?"

"नाही. म्हणाले, दर शनिवारी सहा सालतेन्या पाठवा. बाजूला हो जरा, ट्रे गरम आहे."

भट्टीतून ट्रे बाहेर आला आणि तो वास सगळ्या घरात पसरला. डॉक्टरांनी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. खरं म्हणजे एप्रिलपासून नव्हतं. त्यांचा हात नकळत पुढे गेला.

"डॉक्टर," प्रिमितिवाबाई न वळता म्हणाली, "रांग बाहेरून आहे."

त्यांनी मिरियमकडे बघितलं. ती करंजीच्या कडा मुरडत होती, भराभर, वर न बघता. डॉक्टर बाहेर गेले आणि शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या म्हाताऱ्याने मागे वळून त्यांना नखशिखांत न्याहाळलं. त्यांच्यापुढे तेरा माणसं होती. उघड्या दारातून ट्रे दिसत होता, आणि त्यात, त्यांनी दोनदा मोजून बघितल्या, अकरा सालतेन्या उरल्या होत्या.

डॉक्टर उभेच राहिले.